वायदेबंदीची मुदत 31 मार्चला संपते: सट्ट्याला लगाम कसा घालायचा, आणि त्यात आपलं काय?

कळमन्याच्या यार्डात सध्या कुणालाही विचारा, प्रश्न एकच आहे. ठेवू की विकू? सोयाबीन घरात येऊन पडलं आहे. हमीभाव 5,328 रुपये जाहीर झाला, बाजारातला भाव मात्र त्याच्या खालीच. सरकारी केंद्रावर जायचं तर नोंदणी, ओलाव्याची तपासणी, बारदाना आणि मग चुकाऱ्याची वाट. ज्याला हरभऱ्याच्या पेरणीसाठी आजच पैसे पाहिजेत तो मिळेल त्या भावात विकून मोकळा होतो. ज्याला थांबणं जमतं, त्याला तरी मार्चमध्ये काय भाव राहील हे कोण सांगणार? अडत्या एक सांगतो, यूट्यूबवाला दुसरंच सांगतो.

2021 पर्यंत याचं अर्धंमुर्धं का होईना, एक उत्तर मोबाईलवर दिसायचं. एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सोयाबीनचे पुढच्या महिन्यांचे सौदे चालायचे. इंदूर हे त्याचं मुख्य केंद्र, आपल्याकडचं अकोला आणि लातूर ही जोडीची केंद्रं. डिसेंबरात बसून मार्चचा, एप्रिलचा भाव बघता यायचा. तो भाव मिळेलच याची हमी नव्हती. पण देशभरातले तेल कारखानदार, व्यापारी आणि सटोडिये खिशातले पैसे लावून काय अंदाज बांधताहेत, एवढं तरी गावात बसून कळायचं.

डिसेंबर 2021 मध्ये सेबीने हे सौदे थांबवले. सोयाबीन आणि त्याचं तेल-पेंड, हरभरा, मोहरी, मूग, गहू, बासमती सोडून बाकीचा धान, आणि कच्चं पामतेल अशा सात मालांवर ही बंदी आली. (हरभऱ्याचे नवे सौदे तर त्याआधीच, ऑगस्ट 2021 मध्ये बंद झाले होते.) बंदी एक वर्षाची म्हणून सुरू झाली. मग 2023 पर्यंत वाढली, मग 2024, मग दोन-दोन महिन्यांची छोटी मुदतवाढ, आणि शेवटी 31 मार्च 2026. ती तारीख आता जवळ आली आहे. आपल्या जिल्ह्यात उमरेड, भिवापूर, हिंगण्याकडे सोयाबीन-हरभरा, मौदा-रामटेककडे धान. म्हणजे या यादीतला एकतरी माल जवळजवळ प्रत्येक घरात पिकतो.

बंदीमुळे भाव पडले का?

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकतो, कारण सभांमधून उलटंच ऐकू येतं. वायदे चालू असते तर सोयाबीनला आज सहा हजार मिळाले असते, असं कुणी म्हणत असेल तर त्याला पुरावा विचारा. सोयाबीनचा भाव जगात पेंडीला आणि तेलाला काय भाव आहे त्यावर, आणि आपलं सरकार तेल आयातीवर किती शुल्क लावतं त्यावर जास्त हलतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के झालं. मे 2025 च्या अखेरीस ते पुन्हा 16.5 वर आणलं. वायदे चालू असते तर त्यांनी हेच पडणं दाखवलं असतं, फक्त थोडं आधी दाखवलं असतं.

मात्र वायद्यांमुळे महागाई होते हा सरकारचा जुना समजही तितकाच कच्चा आहे. 2007 मध्ये तूर, उडीद, गहू, तांदळाचे वायदे बंद केल्यावर केंद्राने अभिजित सेन यांची समिती नेमली होती. वायद्यामुळेच भाव वाढले असं ठामपणे सांगता येईल असा पुरावा त्या समितीला सापडला नाही. आताच्या बंदीचा अभ्यास बिमटेक आणि आयआयटी मुंबईच्या व्यवस्थापन संस्थेनेही केला. बंदीच्या काळातही किरकोळ बाजारात खाद्यतेल महागच राहिलं, आणि गावच्या बाजाराला पुढचा भाव बघायला जो आधार होता तो गेला, असं त्यातून पुढे आलं. 2021 ची गोष्ट आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं तेव्हा किती शेतकऱ्यांच्या घरात माल होता? आपला माल निघायच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये, 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली आणि सोंगणीपर्यंत भाव निम्म्यावर आला. वायदेबंदी त्यानंतर आली. महागाईवरचं औषध म्हणून ती उशिरा दिलेली गोळी होती, आणि दुखणंही दुसरीकडेच होतं.

मग सटोडिये साव आहेत का? अजिबात नाहीत. मोकळं रान दिलं तर ते काय करू शकतात, याचं एक उदाहरण कांद्याचंच आहे, पण ते लासलगावचं नाही.

अमेरिकेत शिकागोच्या बाजारात 1955 साली व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सिगल या दोघांनी कांद्याचे वायदे आणि प्रत्यक्ष कांदा दोन्ही गोळा करत नेले. शिकागोतला जवळजवळ सगळा कांदा त्यांच्या हातात आला. मग त्यांनी उलटा डाव टाकला. भाव पडेल यावर पैसे लावले आणि साठवलेला माल बाजारात ओतला. ऑगस्ट 1955 मध्ये पावणेतीन डॉलरला असलेलं 50 पौंडांचं पोतं मार्च 1956 मध्ये दहा सेंटवर आलं. रिकाम्या पोत्याची किंमत त्यापेक्षा जास्त होती. शेतकरी बुडाले. 1958 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून कांद्याच्या वायद्यावर बंदीच घातली. ती आजही आहे. आपल्याकडे 2012 मध्ये राजस्थानच्या ग्वारचा भाव क्विंटलला तीस हजारांच्या घरात गेला आणि वायदा बंद करावा लागला. तो वर्षभराने पुन्हा सुरू झाला.

म्हणजे भीती खोटी नाही. पण एका माणसाच्या हातात किती सौदे असू द्यायचे, हे आधी ठरवलं आणि कडक पाळलं, तर कोसुगासारखा डाव उभाच राहत नाही. त्या आकड्याला म्हणतात पोझिशन लिमिट, आपल्या भाषेत सौद्याची मर्यादा.

मर्यादा म्हणजे नेमकी किती?

इथे एक घोळ नेहमी होतो. स्टॉक लिमिट वेगळी आणि पोझिशन लिमिट वेगळी. जून 2023 मध्ये तूर-उडदावर घातली ती स्टॉक लिमिट, म्हणजे गोदामात प्रत्यक्ष किती पोती ठेवायची याची मर्यादा. पोझिशन लिमिट कागदावरच्या सौद्यांची असते. गोदाम रिकामं असलं तरी ती लागू होते.

सेबीने जुलै 2017 मध्ये शेतमालासाठी याचे नियम घातले. माल तीन गटांत वाटले. ज्या मालात सरकारचा वारंवार हस्तक्षेप होतो किंवा भावाशी खेळ होण्याचा धोका जास्त तो ‘संवेदनशील’. ज्याचा पुरवठा भरपूर, म्हणजे पाच वर्षांच्या सरासरीने किमान 10 लाख टन आणि 5 हजार कोटी रुपयांचा, तो मोठा गट. मधला उरलेला छोटा गट. देशातलं उत्पादन आणि आयात मिळून जो पुरवठा होतो, त्याच्या मोठ्या गटात 1 टक्का, छोट्या गटात अर्धा टक्का आणि संवेदनशील गटात पाव टक्का, एवढेच सौदे एका ग्राहकाला उभे ठेवता येतात. सौदा संपायचा महिना जवळ आला की ही मर्यादा आणखी आवळली जाते, कारण ऐनवेळी माल अडवून कोंडी करायचा खेळ त्याच दिवसांत होतो.

टक्के छोटे वाटतात. आकडा मांडून बघा. समजा एखाद्या मालाचा देशातला पुरवठा 100 लाख टन आहे. 1 टक्का म्हणजे 1 लाख टन, म्हणजे 10 लाख क्विंटल. पाच एकरवाला शेतकरी एकरी सहा क्विंटलने 30 क्विंटल पिकवतो. म्हणजे एका सटोडियाला 33 हजार शेतकऱ्यांच्या मालाएवढे सौदे एकट्याने करता येतात, आणि तेही नियमात राहून! पाव टक्का धरला तर हीच संख्या आठ हजारांवर येते. बंदी उठवताना सोयाबीन आणि हरभरा कोणत्या गटात टाकणार, हा प्रश्न त्यामुळे बंदी उठणार की नाही याइतकाच मोठा आहे. त्यावर चर्चा मात्र कुठे ऐकू येत नाही.

मर्यादा फार आवळूनही चालत नाही. सौदे करणारेच उरले नाहीत तर दिसणारा भाव चार माणसांचा होतो, आणि चार माणसांचा भाव फिरवणं सोपं. माझं मत विचाराल तर सुरुवात पाव टक्क्याने करावी. सहा महिने नीट गेले तर ती वाढवता येईल.

सूट कुणाला, आणि तिचा तुमच्या कापसाशी काय संबंध?

या मर्यादेतून एक सूट आहे. ज्याच्याकडे खरा माल आहे किंवा खरी गरज आहे, त्याला मर्यादेपेक्षा जास्त सौदे करता येतात. याला हेजिंगची सूट म्हणतात. त्यासाठी एक्स्चेंजकडे अर्ज करून साठा, आधीच्या वर्षांची खरेदी-विक्री, निर्यातीचे करार असे कागद दाखवावे लागतात.

हेजिंग म्हणजे काय ते जिनिंगच्या हिशोबाने बघू. समजा काटोल-सावनेरकडच्या एका जिनिंगवाल्याने 5,000 क्विंटल कापूस घेतला. 34 टक्के उतारा धरला तर 1,700 क्विंटल रुई निघते, म्हणजे 170 किलोच्या बरोबर हजार गाठी. खंडीच्या हिशोबात (खंडी म्हणजे 356 किलो) साधारण 478 खंड्या. आज रुई 55 हजार रुपये खंडी आहे असं धरा. गाठी बांधून विकेपर्यंत दीड महिना जातो. तेवढ्यात भाव दोन हजारांनी पडला तर त्याला साडेनऊ लाखांचा फटका. तोच फटका कापसावर वाटला तर क्विंटलमागे 190 रुपये.

आता हा जिनिंगवाला काय करणार? त्याने वायदे बाजारात तेवढीच रुई आजच्या भावाने आगाऊ विकून ठेवली असेल, तर बाजार पडल्यावर गाठींत गेलेलं तिथे भरून निघतं. ती सोय नसेल तर तो तुमचा कापूस घेतानाच शंभर-दीडशे रुपये कमी लावतो. जोखमीचे पैसे कापून घेतोय असं तो तोंडाने म्हणत नाही. ‘ओलावा आहे, कवडी आहे’ असं म्हणतो. खेडा खरेदीत तर तेवढंही म्हणत नाही.

म्हणून खऱ्या जिनिंगवाल्याला, सूतगिरणीला, तेल कारखान्याला ही सूट मिळाली पाहिजे, त्यात आपलंही हित आहे. पण हीच सूट मागच्या दाराने सट्टेबाजाला मिळाली तर मर्यादेला काही अर्थ राहत नाही. गोदामात हजार गाठी आणि सौदे वीस हजार गाठींचे, असा माणूस हेजिंग करत नसतो. सूट किती जणांना दिली, एकूण किती मालावर दिली, आणि नंतर त्यांचा साठा कुणी जाऊन मोजला का, हे आकडे नावं न सांगताही दर महिन्याला मराठीत जाहीर करायला हवेत.

कापसात काय घडलं ते आठवलं की हे जास्त कळेल. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला. कापड उद्योगाने सट्टेबाजीच्या नावाने ओरड केली. एप्रिलमध्ये 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आणि ऑगस्टमध्ये एमसीएक्सवर जानेवारी 2023 पासूनचे नवे सौदे उघडणं थांबलं. आपला कापूस घरात यायच्या नेमक्या वेळी पुढचा भाव दिसेनासा झाला. जानेवारी 2023 मध्ये शेतकरी संघटनेने मुंबईत सेबीच्या कार्यालयावर आंदोलन केलं. शेतकरी सट्टा चालू करा म्हणून रस्त्यावर उतरतात, याचं शहरातल्या अनेकांना नवल वाटलं. एकाधिकार खरेदीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वाटलं नसेल. भाव एकाच्या हातात गेला की काय होतं ते त्यांनी भोगलं आहे.

फेब्रुवारी 2023 मध्ये सौदे परत सुरू झाले, पण नियम बदलून. आधी एक सौदा 25 गाठींचा होता, म्हणजे साधारण 125 क्विंटल कापसाएवढा. तो झाला 48 खंडींचा, म्हणजे सुमारे 100 गाठी, जवळपास 500 क्विंटल कापूस. छोटा जिनिंगवाला आणि शेतकऱ्यांची कंपनी यांना आधी जे जेमतेम जमत होतं, ते चौपट महाग झालं. सट्टेबाजाला काय, त्याला एकाऐवजी एक मोठा सौदा. हेजिंगची सूट कागदावर जशीच्या तशी राहिली, पण दाराची चौकटच इतकी उंच केली की लहान माणसाचा हात कडीपर्यंत पोहोचत नाही.

2025-26 च्या हंगामात तर कापसाचं दुखणं दुहेरी झालं. लांब धाग्याचा हमीभाव 8,110 आणि 19 ऑगस्टपासून 31 डिसेंबर 2025 पर्यंत आयात शुल्क माफ. या बातमीने भाव कुठे जाईल हे कळायला मोठ्या गिरणीवाल्याकडे न्यूयॉर्कचा वायदाही आहे आणि एमसीएक्सचाही. आपल्याकडे सीसीआयच्या ॲपवरची नोंदणी आहे.

मग शेतकऱ्याने वायदे बाजारात उतरावं का?

एकट्याने, नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण बंदी उठली की ‘घरबसल्या सोयाबीनमध्ये कमवा’ असे व्हॉट्सॲप मेसेज सुरू होतील. वर सांगितलेल्या कापसाच्या एका सौद्याची किंमत 26 लाखांवर जाते. त्यावर समजा 10 टक्के मार्जिन धरलं तरी अडीच लाखांहून जास्त रोख आधी भरावी लागते. तुम्ही विकून ठेवलं आणि भाव खंडीला हजार रुपये चढला, तर त्याच संध्याकाळी 48 हजार आणखी भरा. नाही भरले तर सौदा कापतात. घरातला कापूस वाढला म्हणून फायदा झालेला असतो, पण तो कापूस विकल्याशिवाय पैसे येत नाहीत आणि दलाल उद्यापर्यंत थांबत नाही.

त्याहून वाईट डब्बा ट्रेडिंग. म्हणजे एक्स्चेंजवर सौदा न टाकता दलालाच्या वहीतच जुगार. नागपुरात 2016 मध्ये पोलिसांनी अशा अड्ड्यांवर धाडी टाकल्या होत्या. तिथे मर्यादा नाही, मार्जिनचा नियम नाही, हरलात तर वसुली, जिंकलात तर टाळाटाळ. बंदीने सट्टा संपतो असं मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की अधिकृत बाजार बंद झाला की सट्ट्याची भूक डब्ब्याकडे वळते.

शेतकरी उत्पादक कंपनीचं गणित मात्र वेगळं आहे. तीनशे सभासदांचा सोयाबीन एका गोदामात आला, साफ-वाळवून प्रत लागली, गोदाम पावती मिळाली, की विकून ठेवायला माल असतो आणि मार्जिनसाठी पावतीवर कर्जही मिळू शकतं. राज्य सरकारच्या स्मार्ट प्रकल्पाने कंपन्यांना मदत करायला हेजिंग डेस्क सुरू केला आहे. त्यात कापूस, हळद आणि मका आहे. सोयाबीन नाही, कारण सोयाबीनचा वायदाच बंद! विदर्भ-मराठवाड्याचं सगळ्यात मोठं नगदी पीक आणि सरकारच्याच डेस्कला त्याला हात लावता येत नाही. एका सरकारी खात्याने शेतकऱ्याला छत्री घे म्हणायचं आणि दुसऱ्याने छत्रीचं दुकान बंद ठेवायचं, असा हा प्रकार.

31 मार्चच्या आत आपल्या खासदाराला, आमदाराला आणि कंपनीच्या संचालकांना विचारण्यासारखे प्रश्न हे आहेत. बंदी उठणार असेल तर सोयाबीन-हरभऱ्याची मर्यादा पाव टक्का की एक टक्का? सौदा किती क्विंटलचा, तीनशे सभासदांच्या कंपनीला झेपेल इतका की नाही? सूट घेणाऱ्यांचा साठा कोण मोजणार? आणि पेरणीनंतर, हंगामाच्या मध्येच पुन्हा बंदी येणार नाही, असं लेखी मिळेल का? जूनमध्ये वायद्याचा भाव बघून सोयाबीन पेरायचं आणि ऑक्टोबरमध्ये तो वायदाच गायब व्हायचा, हे कापसाच्या बाबतीत एकदा होऊन गेलं आहे.

बंदी आणखी एक वर्ष वाढली तर यातला एकही प्रश्न पुढच्या मार्चपर्यंत कुणी काढणार नाही. आणि कळमन्याच्या यार्डात ‘ठेवू की विकू’ला उत्तर द्यायला पुन्हा अडत्या आणि यूट्यूबवाला, दोघेच उरतील.